कीबोर्ड आला की रॉक बाटतो का?

मागच्या अंकात 'व्हॅन हेलन' या अमेरिकन रॉक बँडचा गिटारिस्ट एडी व्हॅन हेलन याच्या गिटारवर लिहिताना त्या बँडच्या 'जंप' या गाण्याबद्दल आम्ही एकच ओळ टाकली होती, की या गाण्यात खरा हिरो कीबोर्ड आहे. त्या ओळीवर एवढी पत्रं आली की यावेळचं अख्खं सदर त्यालाच देतोय. काहींना ओळ पटली, काही जण जाम भडकलेत, आणि मजा म्हणजे दोन्हीकडचे लोक तेच गाणं मनापासून वर्षानुवर्षं ऐकत आलेले आहेत.

प्रश्न : माझा मोठा भाऊ गिटार वाजवतो, व्हॅन हेलन म्हणजे त्याचं दैवत. पण 'जंप' लागलं की उठून जातो, म्हणतो हा कॅसिओ आहे, हे रॉक नाही, एडीनं पैशासाठी केलं. मला तर ती सुरुवातच सगळ्यात भारी वाटते. आमच्या घरात यावरून खरंच भांडणं होतात, प्लीज सांगा कोण बरोबर? (एक वाचक, पुणे)

आधी भावाच्या बाजूनं सांगतो कारण त्याचा राग समजण्यासारखा आहे. १९७८ च्या पहिल्या अल्बमपासून लोक या बँडकडे कशासाठी आले तर त्या गिटारसाठी, दोन्ही हातांच्या बोटांनी तारांवर टॅपिंग करत, म्हणजे ठोकत, जे काही चालायचं त्यासाठी. आणि मग डिसेंबर १९८३ मध्ये सिंगल येतं आणि सुरू होतं ते सिंथेसायझरवर (विजेवर आवाज तयार करणारा कीबोर्ड, थोडक्यात सिंथ), आणि गिटारचं काम पहिल्यांदा नीट कानावर येतं ते सोलोला. ज्यानं तिकीट गिटारचं काढलंय त्याला फसवल्यासारखं वाटणारच ना. आणि हे फक्त ऐकणाऱ्यांचं नव्हतं, बँडच्या आतही तेच होतं. एडीकडे ती धून १९८१ च्या आसपासच तयार होती पण गायक डेव्हिड ली रॉथला ती नको होती, तू गिटार हिरो आहेस तू कीबोर्ड वाजवू नकोस असं त्याचं म्हणणं असल्याचं एडीनंच पुढे मुलाखतीत सांगितलंय. मग एडीनं घरामागे स्वतःचा स्टुडिओ बांधला, ५१५० नावाचा, आणि इंजिनियर डॉन लँडीला घेऊन तिथे ते गाणं उभं केलं. म्हणजे तुमच्या भावाचा आक्षेप गाणं बाहेर यायच्या आधी बँडमध्येच घेऊन झालेला होता.

आता पैशासाठी केलं हे मात्र मला अजिबात मान्य नाही. एडीचं पहिलं वाद्य गिटार नव्हतंच, पियानो होतं. वडील क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन वाजवणारे, आई इंडोनेशियाकडची, कुटुंब १९६२ साली नेदरलंड्समधून कॅलिफोर्नियात आलं आणि मुलांना पियानोच्या क्लासला घातलं. लहानपणी पियानोच्या स्पर्धा जिंकलेला मुलगा तिशीच्या जवळ येऊन कीबोर्डवर बसला तर तो बाटला असं कसं म्हणायचं? तो घरी परत आला असं म्हणा हवं तर. आणि भावाला एक विचारा, १९८० च्या अल्बममधलं 'अँड द क्रेडल विल रॉक' त्याला आवडतं का. आवडत असणारच. त्याची सुरुवात गिटारवर नाहीये, तो वुर्लिट्झर इलेक्ट्रिक पियानो आहे, फ्लँजर नावाचा आवाज लहरवणारा इफेक्ट लावून मार्शल या गिटारच्या अँपमधून काढलेला. बऱ्याच गिटारवाल्यांनी तो गिटार समजूनच ऐकलाय. १९८२ च्या 'डान्सिंग इन द स्ट्रीट'मध्ये तर मिनीमूग सिंथ उघड उघड आहे. म्हणजे कीबोर्ड या बँडमध्ये आधीपासून होता, 'जंप'मध्ये फक्त तो लपला नाही.

आणि तो कॅसिओ नाहीये हो, हे मनापासून सांगतो. ते ओबरहाइम कंपनीचं ओबी-एक्सए नावाचं अ‍ॅनालॉग यंत्र, भलं मोठं आणि त्या काळी प्रचंड महाग. त्यात एकेका सुरामागे दोन ऑसिलेटर, म्हणजे सूर निर्माण करणारी सर्किटं, असतात आणि ते एकमेकांपासून किंचित सरकवले की आवाज जाड होतो, पितळी वाद्यांचा ताफा वाजल्यासारखा. पण यातली खरी गोष्ट अशी की ओबी-एक्सएच्या पट्ट्या दाब ओळखत नाहीत, तुम्ही हळू दाबा नाहीतर ठोसा मारा, सूर तेवढ्याच जोरात येणार. मग 'जंप'मध्ये तो जोर येतो कुठून? वेळेतून येतो. खाली सी हा सूर धरून ठेवलाय, हलतच नाही, आणि वर एफ, जी, सी असे कॉर्ड ठोक्याच्या आधी नाहीतर मागे पडत राहतात, ठोक्यावर पडतील असं वाटतं तिथे बरोब्बर पडत नाहीत, त्यामुळे ऐकणारा सतत पुढे झुकलेला राहतो. हे हात गिटारवरच्या रिदमला सरावलेले आहेत. दुसऱ्या कोणी, फक्त कीबोर्डच वाजवणाऱ्यानं, ते इतकं अंगावर येणारं वाजवलं असतं असं मला नाही वाटत.

मग सोलोला गाणं पट्टी बदलतं, गिटार येते, काही सेकंदांत काम करून जाते आणि लगेच कीबोर्डचा सोलो येतो, दोन्ही एकाच माणसाचे. शेजारी शेजारी ठेवलेत ते. मला विचाराल तर हे गाणं कीबोर्ड विरुद्ध गिटार नाहीच, एकाच माणसाचे दोन हात आहेत. फेब्रुवारी १९८४ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलं आणि पाच आठवडे तिथे राहिलं, व्हॅन हेलनचं तिथलं पहिल्या नंबरचं ते एकच सिंगल. '१९८४' हा अल्बम मात्र दुसऱ्यावर अडकला, कारण वर मायकेल जॅक्सनचा 'थ्रिलर' बसलेला होता, ज्यात 'बीट इट'चा गिटार सोलो एडीचाच आहे.

तर कोण बरोबर? गाण्याबद्दल तुम्ही बरोबर. पण भाऊ उठून जातो तेव्हा त्याला जाऊ द्या, त्याला जे हवंय ते या गाण्यात खरंच कमी आहे आणि ते मागायचा त्याला हक्क आहे.

प्रश्न : मग हे लाइव्ह वाजवताना कीबोर्ड कोण वाजवायचं? (ठाणे)

नंतरच्या दौऱ्यांमध्ये कीबोर्डचा भाग बऱ्याचदा आधी रेकॉर्ड केलेला लागायचा आणि एडी गिटार वाजवायचा. २००७ मध्ये अमेरिकेतल्या ग्रीन्सबरोच्या कार्यक्रमात हा रेकॉर्ड केलेला भाग भलत्याच चढ्या सुरात लागला आणि गिटार एका सुरात, कीबोर्ड दुसऱ्या सुरात असं अख्खं गाणं गेलं. ऐकवत नाही ते. ओढून ताणून मधला सूर काढता येईना कारण फरक अर्ध्यामुर्ध्या पट्टीचा होता आणि रेकॉर्डिंग काही कोणाचं ऐकून थांबत नाही. ज्यांना मशीनचा राग आहे त्यांच्या हातात यापेक्षा चांगला पुरावा नाही, आणि माझंही म्हणणं आहे की एवढा महत्त्वाचा भाग माणसानंच वाजवायला हवा होता.

प्रश्न : क्वीन या ब्रिटिश रॉक बँडच्या जुन्या रेकॉर्डच्या कव्हरवर "सिंथेसायझर नाही" असं छापलेलं मी स्वतः पाहिलंय. आणि मग त्यांनीच ऐंशीच्या दशकात सगळीकडे सिंथ वापरला. हे ढोंग नाही का? मला त्यांचं जुनं ते जास्त खरं वाटतं. (एक वाचक, नाशिक)

छापलेलं होतं हे खरं, १९७३ च्या पहिल्या अल्बमपासून पुढची काही वर्षं. पण ते का छापलं ते बघा. त्यांचा गिटारिस्ट ब्रायन मे घरी वडिलांबरोबर बनवलेल्या गिटारवर एकावर एक एवढे थर रेकॉर्ड करायचा की ऐकणाऱ्यांना वाटायचं हे सिंथ आहे, व्हायोलिन आहे, ट्रंपेट आहे. एवढे तास घालून केलेलं काम मशीनच्या नावावर जमा होतंय म्हटल्यावर त्यांनी लिहून टाकलं की बाबांनो हे हातानं केलंय. श्रेय कोणाचं ते सांगणारी ती ओळ होती, सिंथला शिवणार नाही अशी शपथ त्यांनी घेतलेली नव्हती. आणि १९८० ला 'द गेम' आला तेव्हा त्यांनी लपवलं नाही, या अल्बमवर पहिल्यांदा सिंथेसायझर आहे आणि तो ओबरहाइम ओबी-एक्स आहे हे कव्हरवर छापलं. (तीच कंपनी, 'जंप'वाल्या मॉडेलच्या आधीचं मॉडेल.) सांगून वापरला, यात ढोंग कुठे आलं?

पण तुमची तक्रार मी पूर्ण उडवून लावत नाही, १९८२ चा 'हॉट स्पेस' ऐकताना मलाही तुमच्यासारखंच वाटतं. तिथे ड्रम मशीन आणि सिंथ बेस एवढे पुढे आहेत की मेची गिटार पाहुण्यासारखी येऊन जाते, आणि जुने चाहते तेव्हा जे तुटले ते काही उगाच नाही.

याच्या उलट १९८४ चं 'आय वॉन्ट टु ब्रेक फ्री' घ्या. त्यातला सोलो किती जणांना ब्रायन मेचा वाटतो! तो फ्रेड मँडेलनं रोलँड ज्युपिटर-८ या सिंथवर वाजवलाय. सूर खेचणं, लांबवणं, शेवटी थरथर, सगळं गिटारच्या वळणानं. म्हणजे आधी गिटार ऐकून लोक सिंथ म्हणाले आणि अकरा वर्षांनी सिंथ ऐकून गिटार म्हणाले. माझं मत यातूनच पक्कं झालंय की कान वाद्य कमी ऐकतो आणि वाजवण्याची ढब जास्त ऐकतो, डोक्यातला राग मात्र वाद्याचं नाव कळल्यावर येतो. तुम्ही हा प्रयोग मित्रांवर करून बघा, न सांगता ऐकवा आणि मग सांगा.

प्रश्न : डीप पर्पल या रॉक बँडमध्ये जॉन लॉर्डचा ऑर्गन सगळ्यांना चालतो, मग सिंथच्या नावानं एवढं नाक मुरडायचं कारण काय? दोन्ही कीबोर्डच ना? (डोंबिवली)

पट्ट्या सारख्या पण आवाज यायचा रस्ता वेगळा. हॅमंड ऑर्गनमध्ये दातेरी चाकं खरोखर फिरत असतात आणि त्यातून सूर निघतो, आणि लॉर्डनं तो ऑर्गन गिटारवाल्यांच्या मार्शल अँपला जोडला. त्यामुळे आवाज फाटायचा, गुरगुरायचा, बँडचा गिटारिस्ट रिची ब्लॅकमोरच्या गिटारला तोंडावर उत्तर द्यायचा. १९७२ चा 'मशीन हेड' ऐका, कितीतरी ठिकाणी हे दोघं कुठे एकमेकांत मिसळतात ते कळत नाही. सिंथ मात्र बहुतेक वेळा सरळ वायरनं मिक्सरमध्ये जातो, मध्ये ना अँप तापतो ना स्पीकर थरथरतो. आवाज स्वच्छ, प्रत्येक वेळी सारखाच. रॉक ऐकणाऱ्याला जो खरखरीतपणा हवा असतो तो तिथे नसतो.

त्यात १९८३ साली यामाहाचा डीएक्स-७ हा सिंथ आला, तो इतका खपला की त्याच्यात कंपनीनं भरून दिलेले तेच तेच आवाज शेकडो गाण्यांमध्ये वाजले. दोष सिंथचा कमी आणि आळसाचा जास्त. दोन मिनिटं स्वतःचा आवाज बनवायला दिली असती तर ऐंशीच्या दशकातलं निम्मं रॉक आज एवढं जुनाट वाटलं नसतं असं मला खूप वाटतं.

प्रश्न : आमचे आजोबा पेटी वाजवायचे. ते सांगायचे की रेडिओवर पेटीला बंदी होती, तेव्हाही लोक असेच भांडायचे. हे खरं आहे का आणि हा वाद तोच आहे का? (एक वाचक, कोल्हापूर)

शंभर टक्के खरं आहे. ऑल इंडिया रेडिओनं मार्च १९४० पासून हार्मोनियमला बंदी घातली आणि ती थेट १९७१ मध्ये सैल झाली. रवींद्रनाथ टागोरही बंदीच्या बाजूनं होते. आक्षेप असा की पेटीचे सूर ठरलेले, एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर जाताना मधली जागाच नाही, मग मींड कशी घेणार, श्रुती कुठून आणणार. आणि त्याच वेळी आपल्याकडे नाट्यसंगीतात बालगंधर्वांच्या मागे ऑर्गन वाजत होता आणि रसिक माना डोलवत होते, तुमच्याच कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांनी पेटीला मैफलीत मान मिळवून दिला होता. रेडिओचा नियम एकीकडे आणि थिएटरमधले कान दुसरीकडे.

वाद तोच आहे का, तर निम्मा तोच. मधल्या जागा नाहीत ही तक्रार सिंथवरही करायचे, म्हणून तर मिनीमूगला डाव्या हाताशी सूर वाकवायचं चाक दिलेलं आहे. पण पेटीवाल्यांवर कोणी असा आरोप केला नाही की हात न लावता मशीनच वाजवतंय. सिंथवर तो आरोप पहिल्या दिवसापासून आहे आणि रॉकवाल्यांना तोच जास्त झोंबतो, कारण तिथे घाम दिसावा लागतो. आजोबांच्या आठवणी कुठेतरी लिहून ठेवा, खरंच ठेवा, पेटीवाल्यांचे त्या बंदीच्या काळातले अनुभव फार कमी लिहिले गेलेत.

प्रश्न : मी कॅनडाचा रश हा बँड ऐकत मोठा झालो. तुम्ही 'जंप'ची बाजू घेताय ठीक आहे, पण रशचं ऐंशीच्या दशकात काय झालं ते बघा. 'सिग्नल्स'पासून पुढे अ‍ॅलेक्स लाइफसनची गिटार शोधावी लागते. तिथेही कीबोर्डचं कौतुकच करणार का? (एक वाचक, न्यू जर्सी)

नाही करणार, तिथे मी तुमच्या बाजूनं आहे.

'सिग्नल्स' १९८२ चा. पहिलंच गाणं 'सबडिव्हिजन्स', सिंथनं उघडतं आणि ते गाणं मला प्रचंड आवडतं, शहराबाहेरच्या एकसारख्या वस्त्यांमध्ये वाढणाऱ्या पोरांचं गाणं आहे ते आणि तो थंड, रुंद आवाज तिथे हवाच होता. गेडी ली गातोय, बेस वाजवतोय, सिंथ वाजवतोय, पायानं पेडल दाबून खालचे सूर काढतोय, तिघांच्या बँडमध्ये एक माणूस एवढं करतो हे बघून कोणी म्हणूच शकत नाही की घाम नाही. पण बाकी अल्बमभर सिंथ तीच जागा घेतो जी लाइफसनची होती. लाइफसनला स्वतःला ते खटकत होतं, त्यानं ते नंतर बोलून दाखवलं. आणि इतकी वर्षं बरोबर असलेला प्रोड्यूसर टेरी ब्राउनचा रशबरोबरचा तो शेवटचा अल्बम ठरला. पुढे 'पॉवर विंडोज' १९८५, 'होल्ड युवर फायर' १९८७, थर वाढतच गेले.

यामागे एक साधं कारण आहे जे चाहते भांडताना विसरतात. डिस्टॉर्शन लावलेली गिटार आणि जाड सिंथ हे दोन्ही आवाज फार पसरट असतात, खालच्या सुरापासून वरच्या खरखरीपर्यंत सगळी जागा भरणारे. दोघांना एकाच वेळी एकाच पट्ट्यात सोडलं की एक दुसऱ्याला झाकतो, मग मिक्स करणारा एकाला खाली ओढतो, आणि त्या दशकात खाली ओढली जायची ती गिटार. पितळेचं मोठं पातेलं छोट्या शेगडीवर ठेवल्यावर बाजूचं भांडं सरकणारच. 'जंप'मध्ये हे होत नाही कारण तिथे कीबोर्ड वाजतो तेव्हा गिटार मुद्दाम बारीक काम करते आणि गिटारची वेळ येते तेव्हा कीबोर्ड वाट देतो. रशमध्ये बऱ्याच ठिकाणी दोघंही सतत बोलत राहतात.

तुमच्यासारख्या चाहत्यांची तक्रार बँडला कधीच पटली नाही असं मात्र नाही. १९९३ च्या 'काउंटरपार्ट्स'मध्ये गिटार परत पुढे आली आणि २००२ च्या 'व्हेपर ट्रेल्स'मध्ये कीबोर्ड अजिबातच नाही. तो ऐकला नसेल तर आज रात्रीच ऐका.

स्वीडनच्या युरोप बँडचंही असंच, थोडक्यात सांगतो कारण त्याबद्दल बऱ्याच जणांनी विचारलंय. 'द फायनल काउंटडाउन'ची ती जगभर गाजलेली धून गायक जोई टेंपेस्टनं उधार आणलेल्या कॉर्ग पॉलिसिक्स या सिंथवर बांधली होती. गाणं १९८६ मध्ये आलं, तुफान चाललं, आणि गिटारिस्ट जॉन नोरम त्याच वर्षी बँड सोडून गेला, बँड ज्या दिशेनं चाललाय ती त्याला पटत नव्हती, गिटार कीबोर्डखाली दबतेय हे त्यातलंच. यश आणि फूट एकाच वर्षी. (नंतर तो परत आला आणि ते गाणंही वाजवतो.)

प्रश्न : मुलाच्या कॉलेज बँडमध्ये दोन गिटार, बेस, ड्रम्स आणि एक गायिका आहे. आता एक मैत्रीण कीबोर्ड घेऊन यायचं म्हणतेय आणि गिटारवाली पोरं नको म्हणतायत. मला यातलं काही कळत नाही पण पोरीला नाही म्हणणं बरं वाटत नाही. काय सांगू मुलाला? (एक आई, औरंगाबाद)

ताई, तिला घ्या म्हणावं. दोन गिटार आधीच आहेत म्हणजे तिसरा वेगळा आवाज हवाच आहे. पण आल्या आल्या तिला सगळ्या गाण्यांमध्ये मागे लांब लांब कॉर्ड धरून बसायला लावू नका, भांडण तिथूनच सुरू होतं, पोरांना वाटतं आमच्यावर चादर टाकली आणि तिला वाटतं मला काही कामच नाही. एखादं गाणं तिच्याच धुनेवर सुरू होऊ द्या आणि त्या गाण्यात एक गिटारवाला पहिलं कडवं थांबू दे. बाकीच्या गाण्यांमध्ये तिनं डावा हात शक्यतो खाली न्यायचा नाही, तिथे बेस गिटार आहे, दोघं मिळून नुसता गोंगाट होतो. उजव्या हातानं गायिकेच्या वर, कमी सुरांत वाजवायचं. आणि जुना का होईना एखादा गिटार अँप मिळाला तर त्यातून कीबोर्ड काढून बघा म्हणावं, अँप मोठ्या आवाजावर नको कारण गिटारचा स्पीकर कीबोर्डच्या खालच्या सुरांनी फाटू शकतो, पण जरा खरखर आली की ती नको म्हणणारी पोरंच आधी वळून बघतील. रिहर्सल रेकॉर्ड करायची, आणि तेच गाणं एकदा तिच्याशिवाय वाजवायचं. काहीच गेल्यासारखं वाटलं नाही तर त्या गाण्यातला तिचा भाग बदलायचा, तिला नाही.